रंगाआधीचं काम

आमच्या फियाटला दुसऱ्यांदा रंग दिला तो ऐन श्रावणात. गणपतीला गाडी घेऊन कोकणात जायचं होतं, एवढंच कारण. डोंबिवलीतल्या एका गॅरेजात ती तीन आठवडे होती. परत आली तेव्हा बोनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसत होत्या. गावी लोकांनी "नवीन घेतली काय?" म्हणून विचारलं आणि बाबांनी हो-नाही काही न म्हणता नुसतं हसून घेतलं. शिमग्याच्या सुमारास डाव्या दाराच्या खालच्या कडेला वाटाण्याएवढा फुगा दिसला. पुढच्या श्रावणापर्यंत तसे सतरा झाले. मी मोजले होते. बाबांनी त्यातल्या एकावर अंगठा दाबला. रंगाची खपली निघाली, खाली लांबी ओलसर लागली, आणि लांबीच्या खाली पत्रा असायला हवा होता तिथे गंजाचा भुगा होता.

रंगाचा डबा नामांकित कंपनीचा होता. उडवणाऱ्याचा हात सफाईदार होता. पैशातही काटकसर केली नव्हती. जे चुकलं ते सगळं रंगाच्या आधी चुकलं, आणि त्यातलं निम्मं आमच्याच हातून. घाई आमची होती, मोसम आम्ही निवडला होता, आणि दाराच्या आत काय आहे हे विचारण्याचं आम्हाला सुचलंही नव्हतं. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून येणार?

हे पुस्तक त्या 'आधी'बद्दल आहे. स्प्रे गन कशी धरावी, पंखा किती रुंद ठेवावा, हे यात नाही. ते ज्याचं काम त्याने करावं. आपली जुनी गाडी जाणत्या पेंटरच्या हाती द्यायची असेल तर मालकाने त्याआधी काय पाहावं, काय उघडावं, काय ठरवावं आणि कुठे गप्प बसावं, इतकाच याचा आवाका. रंग उडवायला दिवस-दीड दिवस लागतो. त्याच्या आधीचं काम आठवड्यांचं असतं, आणि रंग दोन वर्षं टिकणार की पंधरा, हे त्याच आठवड्यांत ठरून गेलेलं असतं.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या माणसाने हा विषय घ्यावा याला कारण आहे. जुनी गाडी म्हटलं की लोकांना संस्थानिकांच्या रोल्स रॉइस आठवतात. आपल्याकडची जुनी गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या दशकात तिथून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या गोलसर ठेवणीमुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं. १९६४ साली ११०० डिलाइट आली, आणि तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मग पेढे वाटायचे, असा तो काळ. कुर्ला मध्य रेल्वेवरचं स्टेशन, त्यामुळे कारखान्यातली माणसं आपल्याच लोकलमध्ये असत. पुढे कल्याण-शीळ रस्त्यावरही प्रीमियरचा कारखाना होता. १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ तिथे बनत असे. कारखाना गेला तरी त्या भागात प्रीमियरचं नाव पत्त्यांमधून अजून शाबूत आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची उतरली. तेव्हापासून उरलेल्या खासगी फियाटांकडे लोक वळून पाहू लागले आहेत. गोठ्यासारख्या शेडमध्ये, इमारतीच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या पुन्हा बाहेर निघताहेत आणि मालकांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, "रंगाला किती घ्याल?"

माझी पहिली विनंती अशी की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा. आधी गाडीची माहिती काढा.

माहिती काढण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे रंगाचेच थर. कल्याणच्या एका स्नेह्यांनी पद्मिनी विकत घेतली. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, एकच मालक, तोही डॉक्टर, गाडी दवाखान्यापलीकडे गेलेली नाही. रंग पांढरा. काम सुरू करण्याआधी मिस्त्रीने टपावर रुपयाएवढी जागा निवडली आणि ४०० नंबरच्या पेपरने मधोमध घासत घासत कडेकडे उतार काढला. गॅरेजात याला 'खिडकी पाडणं' म्हणतात. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसू लागली. बाहेर पांढरा, मग फिकट निळा, मग करडा प्रायमर आणि त्याच्या आत हळदीसारखा पिवळा. मिस्त्रीने काही न बोलता दाराच्या कडेला दुसरी खिडकी पाडली. तिथे निळ्याखाली काळा निघाला. "साहेब, डॉक्टरांची प्रॅक्टिस मीटरवर चालत होती," एवढंच तो म्हणाला.

स्नेही आधी संतापले, मग हसले, आणि शेवटी गाडी काळी-पिवळीच करायची का यावर घरात महिनाभर खल झाला. पण त्या दोन खिडक्यांनी त्यांना आणखी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. एकमेकांशी न पटणारे रंग या गाडीवर एकावर एक बसले आहेत. रंगांचीही जात असते. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग 'ड्युको' नावाने आणला आणि आठवडे लागणारं काम तासांवर आलं. कपाटांनासुद्धा 'ड्युको' मारून घेणाऱ्या आपल्या लोकांच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे. त्याच्या जोडीला सिंथेटिक इनॅमल, आणि आता हार्डनर घालून वापरायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. अर्धवट मुरलेल्या इनॅमलवर तीव्र थिनरचा रंग उडवला तर खालचा थर उचलला जातो आणि तापवलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून खिडकी पाडल्यावर थिनरमध्ये भिजवलेला बोळा तिथे मिनिटभर धरायचा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर ड्युकोची जात, फुगून सुरकुतला तर इनॅमल, ढिम्म राहिला तर पीयू. या एका बोळ्यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. जुने थर ठेवून वरून काम करायचं, की पत्र्यापर्यंत सगळं खरवडायचं?

दुसरी चौकशी पत्र्याची. फियाट ११०० ला वेगळी चौकट नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालची सिल गंजली तर तो शोभेचा प्रश्न राहत नाही, गाडी कमरेतून वाकते. दारं लागेनाशी होतात आणि लोक बिजागऱ्या ठोकत बसतात. पाणी कुठे साचतं याचा विचार केला की गंज कुठे असेल ते न उघडता कळतं. पुढच्या काचेच्या रबराखाली, दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोकं मातीने बुजली असतील तिथे, बॅटरीखालच्या तबकात, मडगार्डच्या आतल्या कडेला, डिकीत स्टेपनीखाली, आणि पायाखालच्या रबरी मॅटच्या खाली. कोणी हौसेने तळाला डांबरासारखं अंडरकोटिंग मारून घेतलं असेल तर त्याच्याही आत. आपल्याकडे एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीची. वाऱ्यात खारटपणा आहे आणि चार महिने पाऊस. गाडी उभी राहिली म्हणून गंज थांबत नाही, उलट हलत नाही म्हणून पाणी निथळत नाही.

तिसरी चौकशी लांबीची. घराच्या भिंतीला आणि दाराला रंगाआधी लांबी भरतात तसाच हा शब्द गाड्यांच्या गॅरेजात आला. लांबी वाईट नाही. हातोडी आणि डॉलीने पत्रा शक्य तितका जागेवर आणल्यावर जी बारीक लहर उरते ती भरायला लांबी हवीच. बोटभर खड्डा लांबीने बुजवला की वैर सुरू होतं. पत्रा तापतो, थंडावतो, थरथरतो. लांबी त्याच्याबरोबर तशी हलत नाही आणि तडकते.

आमच्या गाडीचं रहस्य मला पुष्कळ वर्षांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने उलगडून दाखवलं. पॉलिएस्टर लांबी दिसते दगडासारखी, पण आतून ती स्पंजासारखी सच्छिद्र असते. आमच्या मिस्त्रीने श्रावणात बादली, फडकं आणि वॉटर पेपर घेऊन ती पाणी मारून घासली. धूळ उडत नाही, पेपर भरत नाही, काम भराभर होतं, म्हणून ही पद्धत सर्रास चालते. लांबी पाणी प्यायली. पाणी बोअरचं, म्हणजे क्षारही आत गेले. त्या दमट हवेत ते सुकणार कधी? त्यावर प्रायमर आणि रंग चढला आणि पाणी आत कोंडलं गेलं. मार्चच्या उन्हाने त्याची वाफ झाली तेव्हा पहिला वाटाणा वर आला. लांबी कोरडीच घासावी, पाणी लावायचंच तर प्रायमर-सरफेसरचा थर चढल्यावर लावावं, हा नियम सांगायला एक वाक्य पुरतं. आम्हाला तो सतरा फुग्यांनी शिकवला.

पत्रा नीट झाला की घासण्याचं काम सुरू होतं, आणि बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटणारं हेच काम मला सर्वांत देखणं वाटतं. लांबी घडवायला ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. प्रायमरवर ४०० ते ६००. कोणालाही एखादा नंबर गाळायचा मोह होतो. ८० चा ओरखडा ४०० ने जात नाही, तो फक्त झाकला जातो. रंग पूर्ण वाळून आक्रसला की महिन्याभराने तीच रेष वर दिसते. सपाटी तपासायला प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारतात, त्याला गाइड कोट म्हणतात. मग लांब ठोकळ्याला पेपर लावून तिरकस घासायचं. उंचवटे आधी उघडे पडतात आणि खोलगट जागी काळं राहतं. जिथे काळं तिथे अजून काम. डोळ्यांना पटलं तरी जुना मिस्त्री पातळ फडक्यावरून तळहात फिरवतो, आणि फिरवताना बहुधा दुसरीकडेच बघत असतो. चकचकीत रंग पत्र्यातली प्रत्येक लहर दाखवतो, काळा तर चहाडखोरच. मॅट प्रायमरमध्ये जे सुरेख दिसतं ते रंगात सुरेख दिसेलच असं नाही.

मालकाच्या हातात असलेलं मोठं काम म्हणजे गाडी उघडणं. बंपर, क्रोमच्या पट्ट्या, जाळी, दिवे, दारांच्या मुठी, बीडिंग, काचांची रबरं हे सगळं मास्किंग टेपने झाकून रंगवता येतं आणि पुष्कळदा तसंच होतं. मग रबराच्या कडेला रंगाची जी रेघ बसते तिथूनच सोलणं सुरू होतं. पुस्तकात यावर मोठं प्रकरण आहे. प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेच्या नावानिशी छोट्या पिशवीत, काढण्याआधी फोटो, आणि तो फोटो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्येही. फियाटचे काही बारीक भाग हरवले तर चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार पालथे घालावे लागतात. चॅसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल-प्रिंट आधीच घेऊन ठेवा. उत्साही मिस्त्रीने नंबरवर लांबी ओढून तो गुळगुळीत करून टाकला तर आरटीओत उभं राहायची पाळी तुमच्यावर येते, मिस्त्रीवर नाही.

धुणंही याच वेळचं. दसऱ्याचा झेंडू, बोनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक, पूजेचं तेल, डॅशबोर्डला चमक आणणारी पॉलिश या सगळ्यांचा अंश पृष्ठभागावर असतो. पॉलिशमधलं सिलिकॉन सर्वांत वाईट. ते न काढता घासलं तर ओरखड्यांत जाऊन बसतं आणि ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडतं. म्हणून आधी डिग्रीझरने पुसायचं, मगच घासायचं. हा क्रम उलटला की पुढचं सारं वाया.

मोसमाबद्दल मी हट्टी आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त नसेल, तर रंग उडवू नये असा या धंद्यातला सर्वमान्य दंडक आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा बहुतेक वेळा या मर्यादेच्या आसपास किंवा वरच असते. ड्युकोच्या जातीचा रंग अशा हवेत दुधाळ होतो, कारण थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर दव धरतं. उघडा पत्रा तर दुपारी घासला की संध्याकाळपर्यंत तांबूस दिसू लागतो. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर चढला पाहिजे. रंग उडवायचा बंदिस्त बूथ असलेल्या मोठ्या वर्कशॉपला यातून बरीच सूट मिळते. वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागात अशी सोय मिळू शकते, पण आपल्यातले बहुतेक जण गाडी पत्र्याच्या शेडमध्येच देतात. त्यांच्यासाठी दिवाळी ते गुढीपाडवा हा काळ. दिवाळीला गाडी उघडायला घ्या. डोंबिवलीने १९९९ साली सुरू केलेल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत ती मिरवायला मोकळी.

डोंबिवलीकरांना आणखी एक सावधगिरी लागते. २०१४ साली एमआयडीसीच्या परिसरात हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली होती आणि २०२० साली तिथला रस्ता गुलाबी झाला होता. जिथे रंग आणि रंगांची रसायनं बनतात तिथे ओल्या बोनेटवर रात्री काय येऊन बसेल याचा भरवसा नाही. शेडचा मागचा पडदा नुसता लोंबत असेल तर तो बांधून घ्यायला सांगा.

एक प्रकरण मी हट्टाने मोठं केलं आहे, ते रंग उडवणाऱ्याच्या फुफ्फुसांचं. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी जडलेला दमा पुष्कळदा जन्माची सोबत करतो. जुन्या रंगांच्या थरांत शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते हवेत येतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली. तुमच्या गाडीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. लांबी कोरडी घासा असं मी वर सांगितलं, त्याची दुसरी बाजू ही. धूळ ओढणारं यंत्र आणि नीट बसणारा मास्क नसेल तर तो सल्ला अर्धवट आहे. तोंडाला रुमाल बांधून उडवणारा पोऱ्या दिसला तर भाव करताना योग्य मास्कचे पैसे आपणहून धरा.

कायद्याचं थोडक्यात. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, तेव्हा रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू शकतो, पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. १९७४ च्या पद्मिनी २०२४ पासून या वयात येऊ लागल्या आहेत. मूळ रंग कोणता हे म्हणूनच आधी शोधा. डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या बिजागरीपाशी, दाराच्या रबराखाली ऊन न लागलेला तुकडा सापडतो. शेड जुळवायला तोच न्यायचा. आठवणीतला निळा प्रत्येकाचा वेगळा असतो.

आणि क्वचित या साऱ्या चौकशीचं उत्तर 'रंग देऊच नका' असंही येतं. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग अजून पत्र्याला घट्ट धरून असेल, फक्त फिका पडला असेल, तर कंपाउंड लावून तो उजळता येतो. चार ओरखडे राहतील. राहू द्या. तो थर एकदा खरवडला की जगातला कुठलाही पेंटर तो परत आणू शकत नाही.

आमची फियाट तिसऱ्यांदा रंगली ती कार्तिकात उघडून माघात. दोन्ही सिल नव्या, चार दारांचे तळ नवे. मधले पंधरा दिवस ती नुसत्या करड्या प्रायमरमध्ये, दिव्यांच्या जागी भोकं आणि बंपर नाही अशी उभी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, हिला काय झालं?" बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. खुर्ची टाकून ते तिच्यापाशी बसले आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेवर त्यांनी अंगठा दाबला. बराच वेळ दाबून धरला. मग म्हणाले, "आता लाव रंग."

पहिलं प्रकरण तपासणीचं आहे. ते वाचण्याआधी फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक काढून घ्या. जोरदार नको, ते जाड लांबीवरूनही चिकटतं. चिठ्ठी धरणारं साधंच बरं. रुमालात गुंडाळा, खाली गाडीपाशी जा आणि दारांच्या खालच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे ते सुटून हातात येईल तिथे खडूने खूण करा. खुणा मोजून झाल्या की पान उलटा.

डोंबिवली
गुढीपाडवा